पाळण्यातले पाय : अमेरिकेच्या अडथळा-शर्यतीतील वारसा आणि वारसांचे भाकीत



ज्या व्यायामशिक्षकांच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय घ्यावा, असे निमंत्रण स्वीकारतानाच मनाशी ठरविले होते. माझा व्यवसाय मराठी वाङ्मयाच्या अध्यापनाचा. तेव्हा अमेरिकेतील अडथळ्यांच्या शर्यतीवर हा गृहस्थ काय बोलणार, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु वाङ्मयाचा इतिहास शिकविताना जो प्रश्न मला वारंवार भेटला, तोच या खेळाच्या इतिहासातही उभा आहे. उद्याचे मोठे कोण, हे आज ओळखता येते काय? आणि येत असेल, तर कशावरून?

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ अशी आपली म्हण आहे. ज्या खेळात सारा भरवसा पायांवरच असतो, तेथे ती तपासून पाहावी, असे मला वाटले. त्यासाठी अमेरिकेइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. तेथे शाळकरी वयापासून प्रत्येक धावपटूची वेळ नोंदली जाते. संघाची निवड बंद खोलीत न होता उघड्या मैदानावर, घड्याळाच्या साक्षीने होते. आणि पुढच्या पिढीत कोण चमकणार, याची चर्चा तेथील जाणकार दरवर्षी हिरिरीने करतात. भाकितांची परीक्षा घ्यायला एवढी सामग्री पुरेशी आहे.

प्रथम शर्यतीचे स्वरूप थोडक्यात पाहू. पुरुषांसाठी अंतर ११० मीटर आणि स्त्रियांसाठी १०० मीटर. दोहोंतही अडथळे दहा. पुरुषांचा अडथळा १०६.७ सेंटिमीटर उंच, स्त्रियांचा ८३.८ सेंटिमीटर. पुरुषांच्या दोन अडथळ्यांमध्ये ९.१४ मीटरचे अंतर असते, स्त्रियांच्या ८.५० मीटरचे, आणि ते दोघेही तीन पावलांत कापतात. येथे वेग वाढला म्हणून पाऊल लांब टाकण्याची मुभा नाही. पाऊल लांबले तर पुढचा अडथळा अंगावर येतो. म्हणजे धावपटूला आपला वेग एका ठरलेल्या मात्रेत बसवावा लागतो. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला शब्द बसवावे लागतात, तसाच. नुसता वेगवान धावपटू येथे पुरत नाही आणि नुसता उंच उडी मारणाराही पुरत नाही.

अडथळ्यावरून उडी मारण्याऐवजी पुढचा पाय सरळ ठेवून त्यावरून धावत जाण्याची पद्धत अमेरिकेच्या आल्व्हिन क्रेन्झलाइनने रूढ केली. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने एकट्याने चार वैयक्तिक स्पर्धा जिंकल्या. त्यांपैकी २०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याच्या मागोमाग दुसरा आला तो कलकत्त्याचा नॉर्मन प्रिचर्ड. भारताच्या नावावर ऑलिंपिकमधील जी पहिली पदके नोंदली जातात, त्यांतील एक अशा रीतीने या अमेरिकन परंपरेच्या उगमापाशीच मिळालेले आहे.

त्यानंतरचा हिशेब डोळे दिपविणारा आहे. १८९६ ते १९९६ या काळात झालेल्या २३ ऑलिंपिक स्पर्धांपैकी १८ वेळा पुरुषांच्या या शर्यतीचे सुवर्णपदक अमेरिकेने नेले. १९३२ ते १९७२ या काळात तर सलग नऊ वेळा. १९६४ साली टोकियोत हेज जोन्स जिंकला, त्याच अंतिम शर्यतीत आपला गुरबचनसिंग रंधावा पाचवा आला होता. १९६८ मध्ये विली डेव्हनपोर्ट, १९७२ मध्ये रॉड मिलबर्न, १९८४ व १९८८ मध्ये रॉजर किंग्डम, १९९६ मध्ये ॲलन जॉन्सन अशी ही मालिका आहे. शंभर वर्षांचा हा पाढा पाहून कोणीही म्हणाले असते की, पुढचे सुवर्णपदक कोणत्या देशाचे हे सांगायला ज्योतिषी नको. आणि नेमके येथेच भाकीत चुकले. २००० ते २०२४ या काळातील सात स्पर्धांपैकी अमेरिकेला केवळ दोन सुवर्णपदके मिळाली. २०१२ मध्ये एरिस मेरिटचे आणि २०२४ मध्ये ग्रँट हॉलोवेचे. बाकीची क्यूबा, चीन आणि जमैका या देशांनी वाटून घेतली. २०१६ साली रिओमध्ये तर अमेरिकेला या शर्यतीत एकही पदक मिळाले नाही. १९८० च्या बहिष्काराचा अपवाद सोडला, तर असे प्रथमच घडले.

देशाचे भाकीत चुकले. मग व्यक्तींचे काय? तेथे भाकीत का फसते, याची काही कारणे इतिहासात स्पष्ट दिसतात.

पहिले कारण निवडीच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत निवड चाचणीतील पहिले तिघे ऑलिंपिकला जातात, चौथा घरी राहतो, मग तो कोणीही असो. क्लीव्हलंडचा हॅरिसन डिलार्ड याने १९४७-४८ मध्ये सलग ८२ शर्यती जिंकल्या होत्या. १९४८ च्या निवड चाचणीत त्याचे पाय अडथळ्यांवर आपटत गेले आणि तो शर्यत पुरी करू शकला नाही. जगातला सर्वश्रेष्ठ अडथळा-धावपटू आपल्याच शर्यतीतून बाहेर पडला. १०० मीटरच्या सपाट शर्यतीत मात्र तिसरा येऊन तो लंडनला गेला आणि तेथे सुवर्णपदक घेऊन आला. आपल्या मूळ शर्यतीचे सुवर्णपदक त्याला चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला मिळाले. हाच प्रकार ६८ वर्षांनी पुन्हा घडला. २०१६ च्या निवड चाचणीत केनी हॅरिसन सहावी आली आणि रिओला मुकली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी लंडनमध्ये तिने १२.२० सेकंदांत धावून, बल्गेरियाच्या योर्दान्का डोन्कोव्हाचा १९८८ पासून अबाधित असलेला १२.२१ सेकंदांचा विश्वविक्रम मोडला. एका दुपारच्या तेरा सेकंदांवर वर्षानुवर्षांच्या अंदाजाचा निकाल लागतो, तो असा.

दुसरे कारण मैदानाबाहेरचे आहे. न्यू जर्सीच्या रेनाल्डो नेहेमायाचे पाय खरोखर पाळण्यातच दिसले होते. शाळेत असतानाच त्याने जाणकारांना थक्क केले. १९७८ मध्ये, वयाची वीस वर्षे पुरी होण्याआधीच, १३.२३ सेकंदांची वेळ दिली. आणि १९८१ मध्ये झुरिचला १२.९३ सेकंदांत धावून, १३ सेकंदांच्या आत येणारा तो जगातला पहिला माणूस ठरला. या माणसाच्या नावावर एकही ऑलिंपिक पदक नाही. १९८० साली त्याच्या देशाने मॉस्कोवर बहिष्कार घातला. १९८२ मध्ये तो व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलकडे वळला आणि त्या काळच्या हौशी खेळाच्या नियमांमुळे १९८६ पर्यंत धावण्याच्या स्पर्धांतून बाद राहिला. १९८४ ची ऑलिंपिक स्पर्धा त्यातच निघून गेली. त्या वर्षी लॉस एंजेलिसला जगज्जेता ग्रेग फॉस्टर याला मागे टाकून जिंकला तो रॉजर किंग्डम, आणि तो विद्यापीठात आला होता फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर! एकाला फुटबॉलने नेले आणि दुसऱ्याला फुटबॉलच्याच वाटेने आणून सोडले. यांतले काय कोणत्या कोष्टकात मांडणार?

तिसरे कारण तांत्रिक आहे आणि माझ्या मते ते सर्वांत कमी लक्षात घेतले जाते. अमेरिकन शाळेतील मुलगा ९९ सेंटिमीटरच्या अडथळ्यावरून धावतो. विद्यापीठात आल्यावर त्याला १०६.७ सेंटिमीटर पार करावे लागतात. साडेसात सेंटिमीटर म्हणजे चार बोटांचा फरक; पण दहा अडथळ्यांवर तो सारी लय मोडू शकतो. शिवाय मुलगा वाढत असतो, पाय लांबत असतात, वेग वाढत असतो आणि दोन अडथळ्यांतील ९.१४ मीटर मात्र तेवढेच राहतात. सोळाव्या वर्षी मोकळी वाटणारी जागा विसाव्या वर्षी अपुरी पडू लागते. शाळेतला विजेता आणि विद्यापीठातला विजेता हे म्हणूनच पुष्कळदा निरनिराळे असतात. मुलींच्या बाबतीत असे होत नाही. शाळेत, विद्यापीठात आणि ऑलिंपिकमध्ये त्यांच्या अडथळ्याची उंची तीच, ८३.८ सेंटिमीटर. मुलींच्या शालेय वेळेवरून भविष्याचा अंदाज अधिक सरळपणे बांधता येतो, तो यामुळे.

अधिक सरळपणे म्हणजे खात्रीने नव्हे. २०१४ साली युजीन येथे कनिष्ठ गटाचे विश्वविजेतेपद १२.८९ सेकंदांत जिंकणारी केंडेल विल्यम्स पुढे सात क्रीडाप्रकारांच्या हेप्टॅथलॉनची खेळाडू म्हणून ओळखली गेली. २०१८ ची कनिष्ठ विश्वविजेती टिया जोन्स हिने २०२४ मध्ये ६० मीटरच्या बंदिस्त शर्यतीत ७.६७ सेकंदांच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि लगेच दुखापतीने तिचा ऑलिंपिकचा हंगाम हिरावून घेतला. उलट एरिस मेरिट २००४ मध्ये कनिष्ठ विश्वविजेता झाला, तेव्हापासून ऑलिंपिक विजेता होईपर्यंत आठ वर्षे गेली. मधल्या काळात पुष्कळांनी त्याला मोडीत काढले असावे. २०१२ च्या हंगामापूर्वी त्याने पहिल्या अडथळ्यापर्यंतची आठ पावले बदलून सात केली आणि त्या सप्टेंबरात ब्रुसेल्सला १२.८० सेकंदांचा विश्वविक्रम केला. २०१५ मध्ये मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झालेली असताना तो जागतिक स्पर्धेत तिसरा आला आणि काही दिवसांतच बहिणीने दिलेल्या मूत्रपिंडाचे त्याच्यावर आरोपण झाले. पुढच्या वर्षीच्या निवड चाचणीत तो चौथा आला, सेकंदाच्या एका शतांशाने. अशा चरित्रापुढे भाकीत करणाऱ्याने थोडे नम्र व्हावे, एवढेच म्हणता येईल.

चौथे कारण हे की, काही जण पाळण्यात दिसतच नाहीत. कॉर्डेल टिंच याने विद्यापीठ सोडले होते, धावणे सोडले होते आणि मोबाइल फोन विकण्याची नोकरी धरली होती. कॅन्सस राज्यातील पिट्सबर्ग स्टेट या दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या विद्यापीठातून तो मैदानावर परतला. २०२४ च्या निवड चाचणीत तो चौथा आला, म्हणजे पॅरिसला मुकला. २०२५ च्या मे महिन्यात चीनमध्ये त्याने १२.८७ सेकंद अशी वेळ दिली आणि सप्टेंबरात टोकियोला १२.९९ सेकंदांत तो जगज्जेता झाला. तीन वेळा जगज्जेता झालेला हॉलोवे त्या स्पर्धेत उपांत्य फेरीतच गळाला.

आता स्त्रियांच्या शर्यतीकडे वळू, कारण येथे चित्र अगदी उलटे आहे. १९३२ मध्ये बेब डिड्रिक्सनने ८० मीटरची अडथळ्यांची शर्यत जिंकली, परंतु तिच्यामागे परंपरा उभी राहिली नाही. १०० मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये १९७२ साली आली. तेव्हापासून २००० पर्यंतच्या आठ स्पर्धांत अमेरिकेला सुवर्णपदक मिळाले ते एकदाच, १९८४ मध्ये बेनिटा फिट्झजेराल्डच्या रूपाने. आणि २००४ पासूनच्या सहा स्पर्धांत मिळाले चार वेळा : जोआना हेज, डॉन हार्पर, ब्रिआना रॉलिन्स आणि मसाई रसेल. २०१६ मध्ये तर पहिली तिन्ही पदके अमेरिकन स्त्रियांनी घेतली. त्या देशाच्या स्त्रियांनी ॲथलेटिक्सच्या कोणत्याही प्रकारात असे पूर्वी केले नव्हते.

या परिवर्तनाचे बीज मैदानात सापडत नाही. ते कायद्यात सापडते. १९७२ साली अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्याचे नववे कलम अमलात आले. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगावरून भेद करू नये, असे ते सांगते. त्यात खेळाचा मुद्दाम उच्चार नव्हता, तरी विद्यापीठांना मुलींसाठी संघ, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या उभ्या कराव्या लागल्या. १९८४ ची विजेती ही त्या कायद्याच्या पहिल्या पिढीतली. त्या कलमाची फळे पिकायला तीस-चाळीस वर्षे लागली. १९७२ मध्ये कोण्या जाणकाराने मुलींच्या वेळा पाहून भाकीत केले असते, तर तो पूर्व जर्मनीचे नाव घेऊन थांबला असता. ज्याने तो कायदा वाचला असता, त्याचे भाकीत अधिक खरे ठरले असते.

येथे मला संगीतातील एक शब्द उसना घ्यावासा वाटतो. ज्या बडोद्याच्या दरबारात उस्ताद फैयाझखाँनी आग्रा घराण्याची गायकी गाजविली, तेथील श्रोत्यांना घराणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. अमेरिकेची अडथळ्यांची शर्यत अशाच घराण्यांनी जगविली आहे. डेव्हनपोर्ट आणि मिलबर्न हे दोघेही लुइझियानातील सदर्न विद्यापीठाचे. जेव्हा दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना मोठ्या विद्यापीठांची दारे बंद होती, तेव्हा अशा संस्थांनी आपले खेळाडू घडविले. १९५६ व १९६० चा विजेता ली कॅलहून हाही नॉर्थ कॅरोलायना कॉलेजात लिरॉय वॉकर या गुरूच्या हाताखाली तयार झाला. गेल डेव्हर्स, जोआना हेज आणि डॉन हार्पर या तिघींचा गुरू एकच, बॉब कर्सी. केंटकी विद्यापीठातून केनी हॅरिसन आली, मसाई रसेल आली आणि २०२० च्या टोकियो ऑलिंपिकची विजेती जास्मिन कमाचो-क्विनही आली. ही शेवटची धावते प्वेर्तो रिकोकडून.

या शेवटच्या नावात एक गोष्ट दडलेली आहे. घराण्याचे दार उघडे असते. गंडा बांधायला परक्या गावचा शिष्यही येतो. २०१६ चा विजेता जमैकाचा ओमार मॅक्लाउड अर्कान्सा विद्यापीठात शिकला. १२.१२ सेकंदांचा विश्वविक्रम २०२२ मध्ये करणारी नायजेरियाची टोबी अमुसान टेक्ससमध्ये शिकली. फार पूर्वी, १९२० मध्ये अमेरिकेची मालिका तोडणारा कॅनडाचा अर्ल थॉमसनसुद्धा डार्टमथचाच विद्यार्थी होता. म्हणजे अमेरिकेची पदके कमी झाली, त्यामागे तिच्या विद्येचा प्रसार हेही एक कारण आहे. गुरूला शिष्याने जिंकावे, यात आपल्या परंपरेने कधी उणेपणा मानलेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पुढच्या पिढीत कोण? २०२५ च्या हंगामाअखेरीस जी नावे समोर होती, ती सांगतो. पुरुषांत ऑबर्न विद्यापीठाचा जकोबी थार्प. त्याने त्या वर्षीची महाविद्यालयीन स्पर्धा १३.०५ सेकंदांत जिंकली आणि जागतिक स्पर्धेच्या संघात स्थान मिळविले. स्त्रियांत फ्लॉरिडा विद्यापीठात घडलेली ग्रेस स्टार्क. पायाच्या गंभीर दुखापतीतून उठून ती २०२५ मध्ये टोकियोला तिसरी आली. तिच्यापुढे मसाई रसेल आहेच. पॅरिसला तिने १२.३३ सेकंदांत सुवर्णपदक घेतले, तेव्हा दुसरी आलेली फ्रान्सची सिरेना सांबा-मायेला एका शतांशाने मागे होती. २०२५ मध्ये रसेलने १२.१७ सेकंदांचा अमेरिकन विक्रम केला, आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ती चौथी आली. सुवर्णपदक स्वित्झर्लंडच्या दिताजी कांबुंजीने नेले. या नावांपैकी २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कोण असेल, हे मी सांगणार नाही. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मी तीन विधाने मात्र करीन.

एक, तेथे अमेरिकेच्या संघात निदान एक नाव असे असेल की, जे त्याच्या सोळाव्या वर्षी कोणत्याही यादीत नव्हते. दोन, आज यादीत अग्रभागी असलेले एखादे नाव निवड चाचणीतच गळेल. तीन, अंतिम शर्यतीत इतर देशांचे जे धावपटू उभे असतील, त्यांतील काही अमेरिकन विद्यापीठांतच तयार झालेले असतील.

त्यापलीकडचे भाकीत माझ्या मते धावपटूंच्या वेळांवरून करताच येणार नाही. ते संस्थांकडे पाहून करावे लागेल. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या एका तडजोडीने अमेरिकन विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. हा पैसा मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वाहील, अशी मला भीती वाटते. तसे झाले आणि अडथळ्यांच्या शर्यतीचे प्रशिक्षक व शिष्यवृत्त्या कमी झाल्या, तर त्याचा परिणाम २०२८ मध्ये दिसणार नाही. तो २०४० च्या सुमारास दिसेल. तेव्हा लोक विचारतील की, चांगली मुले जन्मायची थांबली काय? मुले जन्मतच असतात. त्यांच्यासाठी अडथळे मांडून ठेवणारा माणूस असावा लागतो.

आपल्याकडेही हेच आहे. महाराष्ट्राच्या सिद्धांत थिंगलाया याचा १३.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम महाराष्ट्राच्याच तेजस शिरसे याने २०२४ च्या मे महिन्यात फिनलंडमध्ये १३.४१ सेकंद वेळ देऊन मोडला. ऑलिंपिकच्या शिखरापासून हे अंतर सेकंदाच्या निम्म्याहून कमी आहे. पण ते अंतर तोडायला जी घराणी लागतात, ती आपण अजून उभारलेली नाहीत.

म्हणून आपल्या म्हणीचा अर्थ लावताना शाळेने सावध असावे, असे मी सुचवितो. पाळण्यातले पाय पाहून काही मुलांना ‘होतकरू’ ठरविणे आणि बाकीच्यांना मैदानाच्या कडेला बसविणे, हा अन्याय तर आहेच. शंभर वर्षांच्या नोंदी सांगतात की, तो व्यवहारातही तोट्याचा आहे. डिलार्ड गळाला तेव्हा त्याला धावायला दुसरी शर्यत होती. मेरिटला वाट पाहायला आठ वर्षे मिळाली. टिंचला परतायला एक लहानसे विद्यापीठ मिळाले. या तिघांच्या यशात त्या मोकळ्या ठेवलेल्या दारांचा वाटा त्यांच्या पायांइतकाच आहे.

ज्यांच्या नावाने आज आपण जमलो, त्यांनी या मैदानावर कोणालाही कडेला बसू दिले नाही, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. एका शिक्षकाविषयी याहून मोठे काही म्हणता येईल, असे मला वाटत नाही.